घाबरायला सोबत

लोक ज्याच्यासाठी हिमालयात जातात, ते मला विरारच्या बोळिंजला, चौथ्या मजल्याच्या गॅलरीत, ओले कपडे वाळत घालताना मिळालं. मिळालं म्हणजे नेमकं काय, हे मला आजही धड सांगता येत नाही. डोक्यात विचार येतात, पूर्वीइतकेच येतात, पण ते माझे वाटत नाहीत, एवढंच. यात वाईट काय, असं कुणीही म्हणेल. मीही पहिले काही महिने तेच म्हणत होते. मग नवऱ्याच्या मानेत गाठ निघाली आणि कळलं, की घाबरलेल्या माणसाला शांत बायकोचा काही उपयोग नसतो. त्याला घाबरायला सोबत हवी असते. ती मला देता येईना.

नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते, अजूनही. इथे लिहिताना मात्र 'तो'च म्हणणार आहे. 'ते आले, ते बसले' असं लिहायला लागले की माझ्याच डोळ्यांपुढे कुणी परके पाहुणे येऊन बसतात. आमच्यात परकेपणा आला तेवढा पुरे झाला, लिहिण्यात आणखी नको.

आमचा संसार भांडणावर चालला. तो मालवणकडचा, मी साताऱ्याकडची. त्याच्या मते माझ्या हाताला चव नाही, माझ्या मते त्याच्या जिभेला हाड नाही. पंखा दोनवर की तीनवर, सिलिंडर कधी बुक करायचा, ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्या माणसाला त्याच्या आईने काही शिकवलं होतं की नाही, कुठलाही विषय आम्हाला अर्धा तास सहज पुरायचा. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, तुम्ही टीव्ही उगाच घेतलात. आम्ही दोघंही गप्प असलो की मुलगी काळजीने विचारायची, "कुणाला बरं नाहीये का?" ती आता लग्न होऊन पुण्याला असते. खरं सांगायचं तर भांडणातच आम्ही एकमेकांना सगळं सांगायचो. कुठे दुखतंय, कुणाचं बोलणं लागलंय, कशाची धास्ती आहे. समोरासमोर बसून गोड बोलायची सवय दोघांनाही नव्हती, आणि कधी तशी गरजही पडली नाही.

मी एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि साहेबाच्या केबिनबाहेर बसून बसून निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर डोकं शांत होतं म्हणतात. माझं उलट झालं. इतकी वर्षं कामाखाली दबलेले विचार एकदम मोकाट सुटले. जाऊ कधी काय म्हणाली होती, मुलीच्या लग्नात कुणाचा मान राहून गेला, पोटात दुखतंय ते साधं की काही भलतंच. झोप उडाली. रिकामं मन सैतानाचं घर, ही म्हण ज्याने केली तो नक्की नुकताच निवृत्त झालेला असणार.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने गोखिवऱ्याच्या वर्गाचा पत्ता दिला. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर रविवारी सकाळी ध्यान शिकवायचे. जागा म्हणजे एका कारखान्याच्या गाळ्यावरचा हॉल. खाली प्लास्टिकचे हँगर बनवायचं मशिन होतं. रविवारीही ते चालू असायचं आणि दर ठोक्याला आमच्या बुडाखालची सतरंजी थरथरायची. मी पहिल्या दिवशीच तक्रार केली. सर म्हणाले, "मशिन बंद करता येत नाही. डोकंही बंद करता येत नाही. दोन्ही चालू राहू द्या. विचार म्हणजे रस्त्याने जाणारी माणसं. तुम्ही गॅलरीत उभं राहून बघा. खाली उतरून त्यांच्याबरोबर चालायला लागू नका."

माझ्यासारख्या बाईला हे सांगणं म्हणजे कमालच. मी तर प्रत्येक विचाराचा हात धरून त्याला घरापर्यंत पोचवून यायची. तरी चिकाटीने बसत राहिले. घरी वॉशिंग मशिनच्या बाजूला जरा जागा होती, तिथे सकाळी आसन टाकायचं. नवरा जाता येता बघायचा आणि म्हणायचा, "झोप लागली तर घोरू नको, देवाक वाटात भूत इला."

ज्या दिवशी ते झालं तो दिवस साधाच होता. गॅलरीत दोरीवर चादर टाकत होते. आत पलंगावर ओला टॉवेल पडलेला दिसला आणि नेहमीचं वाक्य मनात उठलं, 'या माणसाला काही केल्या अक्कल यायची नाही.' एरवी ते वाक्य पुरतं उठायच्या आत तोंडातून बाहेर पडायचं. त्या दिवशी ते उठलं आणि तिथेच थांबलं. मी त्याच्याकडे पाहिलं. वाक्य तिथे होतं, मी इथे होते, आणि दोघांच्या मध्ये चांगली ऐसपैस जागा होती. थोड्या वेळाने ते गेलं. त्याच्यामागून दुसरं आलं, तेही गेलं. खाली पाण्याचा टँकर हॉर्न देत होता, समोरच्या इमारतीत कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज येत होता, आणि मी हातात चिमटा धरून रडत होते. आनंदानेच. जन्मभर कुणीतरी मानगूट धरून ठेवलं होतं आणि आता सोडलं, असं वाटलं.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "हे सगळ्यांना होत नाही. जपा. फार बोलू नका." मला भलताच अभिमान वाटला. वर्गात माझ्याआधीपासून येणाऱ्या बायका होत्या, त्यांना नव्हतं झालं. तो अभिमानही मी पाहिला आणि तोही गेला. त्या दिवसांत सगळंच जात होतं. झोप यायला लागली, रक्तदाब खाली आला, जावेने एका लग्नात टोमणा मारला तर मी हसून तिला पान दिलं. चेहऱ्यावर तेज आलंय म्हणाल्या सगळ्या.

नवरा आधी खूश झाला. भावाला फोनवर सांगताना ऐकलं मी, "हिका देव पावलो रे. घरात आवाज म्हणान नाय." पण पुढे पुढे तो घरात चाचपडल्यासारखा वावरायला लागला. पंखा चारवर करायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी शाल घ्यायची. एकदा मुद्दाम माझ्या माहेरच्या लोकांच्या चिकटपणाचा विषय काढला. हा विषय म्हणजे आमच्याकडचा हुकमी एक्का, यावर दोन दिवसांचा अबोला ठरलेला. मी म्हटलं, "असतील." तो खाली पेपर आणायला गेला. पेपर सकाळीच आला होता.

मग बांगड्यांचं झालं. माशांच्या बाबतीत माझा नवरा पीएचडी आहे. बोळिंजच्या नाक्यावर अर्नाळ्याच्या कोळणी बसतात, त्या त्याला येताना पाहूनच माशाचे कल्ले उघडून धरतात. त्या रविवारी त्याने बांगडे आणले ते डोळे बसलेले, पोटं मऊ पडलेली. पिशवी उघडली तेव्हाच वास आला. 'शिळे आहेत' हा विचार आला. मग 'याला दिसलं नाही?' हा आला. दोन्ही आले तसे गेले. मी बांगडे धुतले, दोन कोकमं आणि थोडी तिरफळं जास्तीची घातली आणि तिखलं करून वाढलं.

"कशे झालेत?" त्याने विचारलं.

"छान," मी नुसता रस चाखून म्हटलं.

त्याने सगळं खाल्लं. खाताना माझ्या तोंडाकडे बघत होता. दुपारी त्याचं पोट बिघडलं आणि मी मीठ-साखरेचं पाणी करून दिलं. कुरकुर केली नाही, चिडले नाही. औषधाच्या दुकानात जाऊन गोळ्याही घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरून जाताना कोळणीने मला हटकलं. "बाय, तुमच्या घरवाल्याला सांगितला होता मी. हे कालचे बांगडे हाइत, बरफातले, घेव नका. तर बोलतो, तेच दे. डोका फिरला काय त्याचा?"

घरी येऊन विचारलं. तो खिडकीशी बसला होता. जरा ओशाळला आणि म्हणाला, "किती म्हयने झाले, तू माझ्यार ओरडाक नाय. म्हटला, सडके बांगडे बघून तरी ओरडशीत."

मी हसले. तोही हसला. पण ते बांगडे त्याने सगळे खाल्ले होते, पोट बिघडेल हे माहीत असून. माझ्या दोन शिव्या खायच्या म्हणून तो सडका मासा खायला तयार झाला, आणि त्या शिव्याही मी त्याला दिल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी ठरवून भांडले. पलंगावरचा टॉवेल उचलला आणि सुरू केलं, "अहो, किती वेळा सांगायचं तुम्हाला? गादीला ओल लागते, दिसत नाही का? आईने हेच शिकवलं का?" सगळी वाक्यं नेहमीची, नेहमीच्या क्रमाने, आवाजही बरा चढला. तो शांतपणे ऐकत होता. संपल्यावर उठला, माझ्या हातातून टॉवेल घेतला आणि स्वतः गॅलरीत नेऊन दोरीवर टाकला.

"रवांदे," म्हणाला. "तुका जमणा नाय आता."

त्या दिवसापासून टॉवेल पलंगावर कधी दिसला नाही. उभ्या संसारात जे मागत होते ते मिळालं होतं, आणि त्या रिकाम्या पलंगाकडे बघून मला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण ते वाटणं लांब कुठेतरी होतं, शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी रडत असावं आणि भिंतीतून ऐकू यावं तसं.

गाठ दाढी करताना त्याच्या हाताला लागली. उजव्या बाजूला, कंठाच्या जरा खाली, सुपारीएवढी. ऑपरेशन नीट झालं हे आधीच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको. मला सांगायचंय ते दुसरंच आहे. त्याचे वडील गावाला घशाच्या रोगाने गेले. शेवटी त्यांना पाणी गिळता येत नव्हतं आणि कापसाच्या बोळ्याने त्यांचे ओठ ओले करायला हा बसायचा. तेव्हा तो विशीत होता. या विषयावर तो कधी बोलला नाही, अगदी भांडणातसुद्धा नाही. मला ते त्याच्या आईने सांगितलं होतं. त्यामुळे आरशासमोरून तो तसाच, अर्ध्या गालाला फेस लावलेला, स्वयंपाकघरात आला आणि माझा हात धरून मानेवर ठेवला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय उभं आहे ते मला पक्कं ठाऊक होतं.

"लागता?" त्याने विचारलं.

"हो, आहे काहीतरी," मी म्हटलं. "डॉक्टरांना दाखवू."

हे वाक्य बरोबर होतं. कुठल्याही शहाण्या बाईने हेच म्हटलं असतं. पण पूर्वीची मी असते तर आधी ओरडले असते, "अगं बाई, हे कधीपासून? आणि आता सांगताय?" हातातला चमचा आपटला असता, रडले असते, त्याला चार शब्द सुनावले असते, मग त्याने मला सुनावले असते, आणि त्या गोंधळात त्याची निम्मी भीती माझ्याकडे आली असती. तसं काही झालं नाही. तो परत आरशासमोर गेला आणि उरलेली दाढी केली.

सुई घालून तपासणी झाली. रिपोर्ट यायला वेळ होता. त्या दिवसांत त्याने बोलणंच सोडलं. मी वेळेवर जेवण वाढत होते, फोन घेत होते, कागद फायलीला लावत होते. जो तो म्हणत होता, काय धीराची बाई, हिच्याकडून शिकावं. नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून दादाला आधार आहे." मी मान हलवली. आधार कसला, भिंतसुद्धा आधार देते.

मला भीती वाटत नव्हती असं नाही. हेच कुणाला समजावता येत नाही. भीती येत होती. रात्रंदिवस येत होती. 'हा गेला तर?' हा विचार दिवसातून कितीदा यायचा, आणि मी आपोआप त्याला पाहायची, आणि पाहिला की तो सुटायचा. मी त्याला थांब म्हणत होते. या विचाराला तरी राहू दे, हा माझा आहे, याला मी घरात घेते, असं मनातल्या मनात म्हणत होते. पण ते म्हणणंही समोर दिसायचं आणि निघून जायचं. एखाद्याला अंगभर तेल लावून नदीत सोडावं आणि मग हात धरून बाहेर ओढावं, तसं काहीसं. माझाच हात माझ्या हातातून निसटत होता.

रिपोर्टमध्ये कॅन्सरच निघाला. थायरॉइडचा, त्यातल्या त्यात सौम्य जातीचा, ऑपरेशन केलं की बरा होणारा, असं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. नवऱ्याने त्यातला एकच शब्द ऐकला होता. बाहेर आल्यावर त्याने स्कूटर घराकडे न वळवता नंदाखालच्या रस्त्याला घेतली. मी विचारलं नाही. एका वाडीच्या कडेला त्याने गाडी लावली. तिथे बावखल आहे, म्हणजे जुन्या वाड्यांना पाणी पुरवायचं गोडं तळं. पाण्यावर हिरवं शेवाळ होतं, एक नारळाची झावळी पडून अर्धी बुडली होती, पलीकडे केळीची बाग. दुपारची वेळ, रस्त्याला कुणी नाही. आम्ही काठावरच्या दगडावर बसलो.

मग तो पाण्याकडे बघत म्हणाला, "माका भिया वाटता."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. 'याला जवळ घ्यावं' असा विचार आला. चांगला विचार होता, खरा होता, आणि मी तो पाहिला. पाहायचा नव्हता मला. पण इतक्या महिन्यांच्या सवयीने डोळे आपोआप तिकडे गेले, विचार आणि माझ्यामध्ये ती ऐसपैस जागा झाली, आणि त्या जागेत तो विचार विरून गेला. हात मांडीवरच राहिले. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले ना, बरं होईल."

त्याने मान डोलावली. उठला, पँटची धूळ झटकली. "चल," म्हणाला, "स्कूटर उन्हात आसा."

मी त्याच रविवारी गोखिवऱ्याला गेले. खाली मशिन ठोके घालत होतं. सगळे गेल्यावर सरांना सांगितलं, नवऱ्याला कॅन्सर झालाय आणि मला त्याच्याबरोबर घाबरता येत नाही. मला खाली उतरायचंय. गॅलरीतून खाली कसं उतरायचं ते सांगा.

सर म्हणाले, "खाली उतरायचंय, हाही विचारच आहे. त्याच्याकडे पाहा."

"आणि माझ्या नवऱ्याची भीती?"

"तो त्यांचा विचार आहे."

हे झाकण प्रत्येक भांड्याला बसतं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. नवरा मेला तरी बसेल. मी सरांना दोष देत नाही, भला माणूस आहे, पैसेही घेत नाही. त्यांनी वर चढायचा रस्ता दाखवला आणि मी आपल्या पायांनी चढले. उतरायचा रस्ता त्यांनाही माहीत नव्हता, कारण त्यांना कधी उतरायचं नव्हतं. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नाही, हे मला मैत्रिणीने नंतर सांगितलं.

मी वर्ग सोडला. वॉशिंग मशिनशेजारचं आसन गुंडाळून माळ्यावर टाकलं. मुद्दाम भयंकर बातम्या बघितल्या, त्याच्या वडिलांचा फोटो काढून समोर ठेवला, मुलीच्या बारशाचे फोटो बघितले. डोळ्यांत पाणी आलं की मला वाटायचं, आलं, आलं. की लगेच ते पाणी आलेलं मला दिसायचं, आणि संपलं. नासलेल्या दुधाचं परत दूध करायला बसले होते मी. ज्याला लोक मोक्ष म्हणतात ते हेच असेल, तर ते मला परत करायचं होतं आणि घेणारं कुणी नव्हतं. माझ्या असहायपणाची मला चीडही येत नव्हती. आता हे लिहिताना येते कधी कधी, पण तेव्हा नाही आली.

ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं त्या सकाळी तो लवकर आंघोळ करून देवघरासमोर उभा राहिला. मुलगी पुण्याहून परस्पर हॉस्पिटलमध्ये पोचणार होती, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. त्याने तांदूळ पसरून त्यावर नारळ ठेवला, शेंडी देवाकडे करून. मला हाक मारली. म्हणाला, गाऱ्हाणं घालायचंय.

मालवणकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाशी सरळ बोलणं. घरातला मोठा माणूस देवासमोर उभा राहून मोठ्याने एकेक मागणं घालतो आणि प्रत्येक मागण्यानंतर मागे उभे असलेले सगळे मिळून म्हणतात, 'व्हय म्हाराजा.' एकट्याला गाऱ्हाणं घालता येत नाही. होकार देणारं कुणीतरी लागतंच, आणि होकार आल्याशिवाय पुढचं मागणं नाही. लग्नानंतर गावच्या देवळात मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू फुटलं होतं आणि सासूबाईंनी दंडाला असा चिमटा काढला होता की वळ उठला. आमच्या घरात त्याने आजवर कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. मुलीच्या लग्नातही त्याच्या थोरल्या भावाने घातलं. तो म्हणायचा, देवाला ऐकू येतं, ओरडायची गरज नाही.

मी त्याच्या मागे उभी राहिले. त्याने घसा खाकरला. गाठीमुळे आवाज जरा घोगरा झाला होता.

"बा देवा म्हाराजा. आज ह्या तुझ्या लेकरान गावापासून लांब, ह्या विरारच्या घरात, तुझ्याफुड्यात नारळ ठेवलो हा, तो मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"माझ्या चेडवाक सुखात ठेव रे म्हाराजा." चेडू म्हणजे लेक.

"व्हय म्हाराजा."

मग तो थांबला. मला वाटलं, आता गाठीचं. त्याचे जोडलेले हात मला मागून दिसत नव्हते, फक्त कोपर दिसत होते.

"माझी घरकारीण," तो म्हणाला, "घरात आसा, पन माझ्या वांगडा नाय. ती खय गेली ती माका गावना नाय. तिचो राग, तिचा ओरडना, तिचा रडना, सगळा जसा होता तसा माका परत दी रे म्हाराजा."

खिडकीत कबुतरं होती. शेजारी कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. मला ते मागणं ऐकू आलं, शब्द न शब्द कळला. घरात आहे, पण माझ्या सोबत नाही, कुठे गेली ते मला सापडत नाही. त्याने स्वतःच्या गळ्याआधी मला मागितलं होतं. हा विचार आला आणि मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले.

तो होकाराची वाट बघत होता. मागे वळला नाही. गाऱ्हाणं घालताना वळायचं नसतं. मग त्याला वाटलं असावं की मला नीट ऐकू आलं नाही. त्याने तेच मागणं पुन्हा घातलं, पहिल्यापासून, जरा मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करून. घोगऱ्या आवाजाला ते झेपत नव्हतं. 'परत दी रे'वर त्याचा आवाज फाटला.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

स्वच्छ म्हटलं, मोठ्याने म्हटलं. आणि म्हणणाऱ्या बाईकडे मी पाहत होते.

गाठीचं मागणं त्याने शेवटी उरकून टाकलं. डॉक्टरच्या हाताला यश दे, एवढंच. नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि पिशवी उचलली.

हॉस्पिटलमध्ये त्याला हिरवे कपडे घातले, स्ट्रेचरवर झोपवलं आणि आत नेताना दारापाशी क्षणभर थांबवलं. मुलगी ओक्साबोक्शी रडत होती. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला काही न बोलता सोडलं. तिला सांगायची गरज नव्हती, तिची भीती तर दिसतच होती. मग मान न हलवता डोळे माझ्याकडे वळवले. मी कोरड्या चेहऱ्याने उभी होते. तो माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी ठरवल्यासारखा. आणि जिला घाबरता येत नव्हतं त्या मला तो हळूच म्हणाला, "भियाव नको."

मी म्हटलं, "नाही."